भोपाळची जमीन कोण स्वच्छ करणार?

जून २०२५ च्या अखेरीस मध्य प्रदेश सरकारने जाहीर केले की, भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील विषारी कचरा पीथमपूरच्या भट्टीत जळून संपला. चाळीस वर्षांचा डाग धुतला गेला, अशा थाटाच्या बातम्या छापून आल्या. केंद्राने पैसा दिला, राज्याने वाहने दिली, न्यायालयाने मुदत दिली, यंत्रणेने ती पाळली. एवढी तत्परता भोपाळच्या वाट्याला १९८४ पासून क्वचितच आली असेल. म्हणूनच तिच्याकडे जरा निरखून पाहिले पाहिजे.

जाळला गेलेला कचरा ३३७ टन होता. त्यात १६२ टन माती, सेविन आणि नॅफ्थॉल यांचे ९२ टन अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेले कीटकनाशक आणि संयंत्रातून निघालेला २९ टन गाळ होता. हा सारा माल कारखान्याच्या आवारात उघड्यावर विखुरलेला सापडला, २००५ मध्ये गोळा झाला आणि पुढे वीस वर्षे एका शेडमध्ये पडून राहिला. जे डोळ्यांना दिसत होते, हाताने उचलता येत होते आणि गोण्यांत भरता येत होते, ते हे. जे जमिनीत आहे त्याचा अंदाज नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांनी २०१० च्या सुमारास दिला होता. तो अकरा लाख टन दूषित मातीचा आहे. अकरा लाखांपैकी ३३७ म्हणजे दहा हजारांपैकी तीन. एवढ्या कामाला ‘विल्हेवाट’ म्हणायचे असेल तर भाषेचीच विल्हेवाट लागली असे समजावे.

हे विष जमिनीत कसे गेले, हे नव्या पिढीच्या कार्यकर्त्यांना नीट सांगितले जात नाही. भोपाळ म्हटले की २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधली रात्र, ६१० क्रमांकाची टाकी, मिथाइल आयसोसायनेट, आणि सकाळी रस्त्यांवर पडलेली प्रेते एवढेच स्मरते. तेवढे स्मरणे स्वाभाविक आहे. पण जमिनीची कहाणी त्या रात्रीच्या पंधरा वर्षे आधी सुरू होते. कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून १९८४ पर्यंत आवारातल्या एकवीस ठिकाणी, तळाला कसलेही अस्तर नसलेल्या खड्ड्यांत, कंपनी आपली घाण टाकत राहिली. पुढे १९७७ मध्ये आवाराच्या उत्तरेला सुमारे बत्तीस एकरांवर ‘सौर बाष्पीभवन तळी’ बांधण्यात आली. नाव मोठे गोंडस आहे. सांडपाणी तळ्यात सोडायचे, सूर्याने पाणी उडवून न्यायचे, गाळ तळाशी राहायचा. तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर होते. ते गळू लागल्याचे १९८२ सालीच कंपनीच्या तारसंदेशांत नमूद झाले होते. अमेरिकी न्यायालयातल्या खटल्यामुळे ती कागदपत्रे पुढे उजेडात आली. १९८९ मध्ये कंपनीने आवारातल्या जमिनीच्या व सांडपाण्याच्या खड्ड्यांच्या नमुन्यांची स्वतःच परीक्षा केली, तेव्हा त्या पाण्यात सोडलेला मासा एकही वाचला नाही. हा निष्कर्ष वस्त्यांतील लोकांना कोणी कळवला नाही. ते हातपंपाचे पाणी पीत राहिले.

१९९६ मध्ये तळ्यांतला गाळ एका तळ्यात ओढण्यात आला, त्याखाली-वर प्लॅस्टिक अंथरले गेले आणि माती लोटून त्याला ‘सुरक्षित भूभराव’ असे नाव देण्यात आले. आज त्या भूभरावाचे अस्तर फाटले आहे, त्यावर गुरे चरतात, पोरे खेळतात आणि भोवती घरे उभी राहिली आहेत. कंपनीने १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारला परत केली. घर उकिरडा करून भाडेकरू किल्ली टेबलावर ठेवून जातो आणि मालक ती निमूट खिशात घालतो, असा हा व्यवहार होता. जमीन घेताना सरकारने ती तपासली नाही, शुद्धीकरणाचा खर्च मागितला नाही. समाजवादी विचाराच्या माणसाला सरकारी मालकीचे अगत्य असते. पण खाजगी नफ्याची घाण सार्वजनिक मालकीची करून घेणे याला राष्ट्रीयीकरण म्हणत नाहीत.

आता पाण्याकडे वळू. नव्वदच्या दशकात नीरीच्या अहवालांनी भूजल दूषित झाले नसल्याचा निर्वाळा दिला होता. १९९९ मध्ये ग्रीनपीसच्या शास्त्रज्ञांनी माती व पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा पारा आणि क्लोरीनयुक्त द्रावणे सापडली. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आसपासच्या वस्त्यांना नळाचे स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. त्या वेळी प्रश्न चौदा वस्त्यांचा होता. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने २०१८ पर्यंत केलेल्या तपासणीत तो आकडा बेचाळीसवर गेला. विष हलत नसते तर वस्त्यांची संख्या वाढली नसती. त्याचे कारणही गूढ नाही. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझिन यांसारखी द्रावणे पाण्याहून जड असतात. ती मातीतून खाली उतरतात, खडकाच्या भेगांत साचतात आणि तेथून दशकानुदशके थोडी-थोडी विरघळत राहतात. भूजल ज्या दिशेने वाहील त्या दिशेने ती जातात. भट्टीची ज्योत तेथवर पोचत नाही.

त्यामुळे सफाईच्या योजनेत फेरबदल हवा, याचा पहिला अर्थ असा की कामाचा क्रम उलटा लावला पाहिजे. बंद शेडमधला, पावसापासून आडोशाला असलेला माल हा सगळ्यांत कमी चालणारा धोका होता. सर्वांत मोठा धोका उघड्या जमिनीत आणि वाहत्या पाण्यात आहे. सरकारने कमी धोक्याचे काम आधी उरकले, कारण त्याचे छायाचित्र निघते. बारा बंद कंटेनर, पुढेमागे पोलिसांच्या गाड्या, मध्यरात्रीचा अडीचशे किलोमीटरचा प्रवास. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी हे ठाऊक होते; येथे बंबाची मिरवणूकही निघाली.

या कामासाठी केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. ३३७ टनांनी भागले तर टनामागे सुमारे सदतीस लाख चाळीस हजार, म्हणजे किलोमागे साधारण ३,७४० रुपये येतात. याच दराने अकरा लाख टन माती जाळायची ठरवली तर बिल चार लाख अकरा हजार कोटींवर जाते. अर्थातच तसे कोणी करणार नाही आणि करूही नये. पण हा साधा त्रैराशिकाचा हिशेब एक गोष्ट सिद्ध करतो. पीथमपूरची पद्धत ही मोठ्या कामाची पहिली पायरी असूच शकत नाही. जी पायरी दुसऱ्या पायरीकडे नेत नाही, तिला चबुतरा म्हणतात. या चबुतऱ्यावर आता स्मारक उभारण्याची भाषा चालू आहे. स्मारकाला विरोध नाही. पण खाली विष ठेवून वर स्मारक उभे राहिले तर पुढच्या पिढीला ती जमीन खणण्याची परवानगीच मिळणार नाही, हे ओळखून बोलावे.

आणि जे जाळले त्याचे काय झाले? जाळताना मिसळलेला व धूर धुण्यासाठी वापरलेला चुना वगैरे धरून राख व अवशेष निघाले ते आठशे टनांहून अधिक. म्हणजे ३३७ टन कचरा ‘संपवून’ त्याच्या दुपटीहून जास्त नवा कचरा तयार झाला. पाऱ्यासारखा धातू तर जळून नाहीसा होत नाही. तो धुरात जातो किंवा राखेत राहतो. ती राख पीथमपूरलाच भूभरावात पुरण्याचा बेत होता. वस्तीपासून अवघ्या पाचशे मीटरवर तिला पुरण्याचा विचार ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयालाही पटला नाही. भोपाळच्या भूभरावाचा प्रश्न अशा रीतीने धार जिल्ह्यातल्या भूभरावाचा प्रश्न झाला.

येथे पुरोगामी चळवळीला एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. हा कचरा पंधरा-वीस वर्षे दारोदार फिरला. आधी गुजरातेत अंकलेश्वरला न्यायचा ठरले. २००७ मध्ये गुजरात सरकारने अंग काढून घेतले. २०११ मध्ये जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो नागपूरजवळ बोरखेडी येथे, संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळावा असा आदेश दिला. विदर्भात काहूर उठले, प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेले, महाराष्ट्र सरकारनेही नकार दिला. २०१२ मध्ये पंचवीस कोटी रुपये खर्चून जर्मनीला विमानाने पाठवण्याचे ठरले. तेथल्या लोकमताने डोळे वटारताच जर्मन संस्थेने सप्टेंबरात हात वर केले. शेवटी जेथल्या माणसांचे डोळे कोणाला भीती घालत नाहीत, अशा जागी तो गेला. ३ जानेवारी २०२५ रोजी पीथमपुरात लोक रस्त्यावर आले, दोघा आंदोलकांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला व ते भाजले. भट्टीला लागून असलेल्या तारपुरा गावात आणि औद्योगिक वसाहतीच्या चाळींत राहणारी माणसे अंकलेश्वर, नागपूर किंवा हॅम्बर्ग येथील माणसांइतकीच माणसे आहेत.

बोरखेडीचा विरोध चुकीचा होता असे नाही. लोकांना अंधारात ठेवून विष आणले जात असेल तर ते अडवण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. चूक त्यानंतर झाली. ‘आमच्याकडे नको’ हे वाक्य जिंकले आणि चळवळ घरी गेली. ‘मग कोठे, कसे आणि कोणाच्या खर्चाने?’ हे पुढचे वाक्य नागपूरने भोपाळच्या बरोबरीने उच्चारले नाही. ज्या शहरात नीरीचे मुख्यालय आहे, ज्या संस्थेच्या अहवालांवर भोपाळच्या सफाईचे सारे नियोजन उभे आहे, त्या शहरातल्या डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी त्या अहवालांची जाहीर चिकित्सा मागायला हवी होती. गावाला गावाविरुद्ध आणि कामगाराला कामगाराविरुद्ध उभे करणे हे भांडवलाचे जुने तंत्र आहे. त्यासाठी त्याला या खेपेस फारसे श्रमही पडले नाहीत.

आता खर्चाचा मुख्य प्रश्न. १२६ कोटी रुपये भारतीय करदात्याचे होते. काडेपेटी विकत घेणारी मोलकरीणही अप्रत्यक्ष करांतून त्यात वाटेकरी आहे. ज्या कंपनीने घाण केली तिची मूळ मालक, अमेरिकेची युनियन कार्बाइड कॉर्पोरेशन, भारतीय कंपनीत ५०.९ टक्के भागधारक होती. ती २००१ मध्ये डाऊ केमिकलच्या मालकीची झाली. डाऊचे म्हणणे ठरलेले आहे. भारतीय कंपनी १९९४ मध्ये विकली गेली, जमीन १९९८ मध्ये सरकारकडे गेली, १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली, अमेरिकी अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मूळ कंपनीला जबाबदार धरण्यास नकार दिला, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही वाढीव भरपाईची सरकारची याचिका फेटाळली. मग आता काय राहिले?

राहिले ते असे. १९८९ ची तडजोड त्या रात्रीच्या वायुगळतीपुरती होती. जमीन आणि पाणी यांचे प्रदूषण हा स्वतंत्र अपराध आहे. तो १९६९ मध्ये सुरू झाला आणि त्या रात्री टाकी शाबूत राहिली असती तरी घडलाच असता. अन्नू नगर, अटल अयूब नगर, ब्लू मून कॉलनी येथे १९८४ नंतर जन्मलेल्या ज्या मुलांनी ते पाणी प्याले, त्यांचा वायूशी संबंध नाही. त्यांच्या वतीने कोणीही, कधीही तडजोड केलेली नाही. भारत सरकारला हे ठाऊक होते. म्हणूनच केंद्रीय रसायन मंत्रालयाने मे २००५ मध्ये जबलपूरच्या न्यायालयात अर्ज करून सफाईपोटी डाऊकडून शंभर कोटी रुपयांची आगाऊ रक्कम मागितली. अर्ज झाला, आणि मग त्याचे भिजत घोंगडे पडले. कारण त्याच सुमारास परकीय गुंतवणुकीचे वारे जोरात होते आणि देशातल्या एका बड्या उद्योगसमूहाचे प्रमुख २००६ मध्ये सरकारला सुचवत होते की भारतीय उद्योगांनीच निधी उभारून ती जागा साफ करावी. औदार्य मोठेच, पण ते पीडितांशी की डाऊशी, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. याच डाऊच्या छत्राखाली युनियन कार्बाइडच्या हिशेबात अमेरिकेतल्या अॅस्बेस्टॉस-दाव्यांसाठी २.२ अब्ज डॉलरची तरतूद झाली होती. कंपनीचे दायित्व टेक्ससमध्ये जिवंत राहते आणि भोपाळमध्ये मरते, हा कायद्याचा सिद्धांत नव्हे. हा बाजारभाव आहे.

भारतीय कायदा मात्र इतका दुबळा नाही. श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीच्या खटल्यात १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगाचे दायित्व निरपवाद असल्याचे सांगितले. राजस्थानातल्या उदयपूरजवळच्या बिछडी गावात रसायन कारखान्यांनी गाळ टाकून विहिरी लाल केल्या, तेव्हा १९९६ मध्ये न्यायालयाने माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च प्रदूषकानेच द्यावा असे ठरवले. कारखानदारांनी अर्जामागून अर्ज करून पंधरा वर्षे काढली. तेव्हा २०११ मध्ये न्यायालयाने सदतीस कोटींवरच्या त्या रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावले. चालढकल ही कंपनीला फायद्याची असते, कारण न दिलेला पैसा तिच्याकडे व्याज मिळवत राहतो. चक्रवाढ व्याज लावले की चालढकल महाग पडते. भोपाळच्या मागणीत हे कलम सर्वांत वर असायला हवे. आजवर ते कोणत्याच सरकारी कागदात दिसलेले नाही.

अमेरिकेचा दाखला द्यायचा तो तिच्या चांगुलपणासाठी नव्हे. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉलच्या प्रकरणानंतर १९८० मध्ये तेथे ‘सुपरफंड’ कायदा झाला आणि रसायन व तेल कंपन्यांवर खास कर बसला. तो कर १९९५ मध्ये कंपन्यांच्या मित्रांनी लोप पावू दिला व २०२१-२२ मध्येच परत आला. मधली पंचवीस वर्षे बेवारस जागांचा भार सामान्य करांवर पडला. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सेंट लुईसजवळच्या वेस्ट लेक भूभरावात १९७३ मध्ये किरणोत्सारी गाळमिश्रित माती टाकली गेली होती. तेथे २००८ मध्ये सरकारी यंत्रणेने वरून माती टाकून झाकण्याची योजना केली. आसपासच्या आयांनी ती मानली नाही. दहा वर्षांच्या झगड्यानंतर, २०१८ मध्ये योजना बदलून काही भाग खणून हलवण्याचे ठरले, आणि खर्चाची जबाबदारी संबंधित कंपन्या व अमेरिकी ऊर्जा खात्यावर टाकण्यात आली. काम तेथेही रखडले आहे. तरीही मंजूर झालेली योजना ही दगडावरची रेघ नसते आणि झाकणे म्हणजे साफ करणे नव्हे, एवढे त्या बायकांनी सिद्ध केले. भोपाळच्या बायकांनी तर त्यांच्या कितीतरी आधी दिल्लीपर्यंत पायी मोर्चे नेले होते.

भोपाळच्या योजनेत काय बदलायचे? पहिल्याने, विषाची हद्द नव्याने मोजली पाहिजे. २०१० चा अंदाज आवाराच्या आणि तळ्यांच्या परिसराचा होता. बेचाळीस वस्त्यांखालून विष कोठवर, किती खोल गेले आहे, याचा नकाशा निरीक्षण-विहिरी खोदूनच तयार होईल. दूषित पाण्याचा प्रवाह रोखण्यासाठी उपसा व शुद्धीकरण लगेच सुरू करता येते. त्याला सारी माती हलण्याची वाट पाहावी लागत नाही. तळ्यांवरचा फाटका भूभराव उघडून त्यातला गाळ, तळाला भक्कम अस्तर व गळती टिपण्याची सोय असलेल्या जागेत ठेवायला हवा, आणि ती जागा शक्यतो तेथेच, सरकारी आवारात असावी, म्हणजे आणखी एका तारपुऱ्याची गरज उरणार नाही. अकरा लाख टन माती खणून काढायची की जागीच बंदिस्त करून तिच्यावर प्रक्रिया करायची, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत व ते खरे आहेत. पण तो वाद बंद दाराआड, निविदाधारकांच्या साक्षीने मिटवण्याचा नाही. पीडितांच्या संघटनांचे प्रतिनिधी आणि त्यांनी निवडलेले शास्त्रज्ञ समितीत मताधिकारासह बसले पाहिजेत, नमुन्यांचे निकाल हिंदी-उर्दूत वस्तीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. माती उपसणाऱ्या कंत्राटी मजुरांना मुखवटे, रक्ततपासणी आणि नोकरीची हमी हवी. कार्बाइडच्या कामगारांना १९८४ पूर्वी यातले काही मिळाले नव्हते. सफाईच्या नावाखाली तीच गत आणखी एका पिढीची होऊ नये.

या साऱ्याला ताजा संदर्भ आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नवे नियम काढले. देशात अशी १०३ स्थळे ओळखली गेली असून प्रत्यक्ष सफाई सुरू झाली ती सातच ठिकाणी. नियमांत प्राथमिक तपासणीला नव्वद दिवसांची मुदत आहे. सफाई पुरी करायला मात्र मुदतच नाही. प्रदूषक सापडला नाही किंवा तो देण्याच्या स्थितीत नसला तर खर्च केंद्र व राज्याने वाटून घ्यायचा आहे. कागदोपत्री कंपनी बुडवून नव्या नावाने उगवणे ज्यांना सराईत झाले आहे, त्यांच्यासाठी ही वाट रुंदच आहे. तरी एक तरतूद कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. नागरिकांच्या तक्रारीवरून स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करून ती दर सहा महिन्यांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाकडे पाठवायची आहे. तळोजा, तारापूर, लोटे-परशुराम, कुरकुंभ, डोंबिवली येथल्या पक्षशाखांना आपल्या भागातल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या मागची जमीन, रात्री टँकर रिकामे होणारे नाले आणि पाण्याला वास येणाऱ्या विहिरी ठाऊक आहेत. कारखाना बंद होऊन मालक परागंदा होण्यापूर्वी, जमीन एमआयडीसीकडे परत जाण्यापूर्वी, ती यादी जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोच घेऊन ठेवली गेली पाहिजे. आणि भोपाळच्या संघटना डाऊविरुद्ध पुढचा अर्ज करतील तेव्हा नागपूरहून नीरीच्या आजवरच्या अहवालांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मिळवून त्यांच्याकडे पोचवण्याचे काम तेथल्या शाखेने अंगावर घ्यावे.